सहा मणांचा संसार

कस्तुरा त्या दुपारी कापूस बाजारात गेली ती म्हाताऱ्या मापाऱ्याला गाठायला. पण म्हातारा तापानं घरी पडला होता आणि काट्यापाशी भलताच एक तरणा माणूस वजनं पुकारत उभा होता. फेट्यावर कापूस, मिशीवर कापूस, भुवयांवरसुद्धा पांढरे तंतू… कस्तुराला हसू आलं. तिनं ते पदराआड दडवलं, पण त्याला दिसलंच.

"काटा भाड्यानं भेटते का?" तिनं विचारलं. "घरचं सामान तोलाचं हाये."

"किती सामान?"

"सगळंच."

"सगळंच म्हंजे?"

"म्हंजे संसार. आफ्रिकेले न्याचा हाये."

तो हातातलं वजन खाली ठेवून तिच्याकडे पाहतच राहिला. गाडीवाले खोळंबले, मुनीम खाकरला. मग तो सावकाश म्हणाला, "मंग नुसता काटा देऊन भागनार नाई. मलेच या लागन."

कस्तुराचा भाऊ बबनराव वाशीमच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनावर फिटर होता. जिनाच्या शेठचे नातलग युगांडात कापसाचे कारखाने चालवत आणि जिंजा नावाच्या गावी त्यांना इंजिनाचा जाणकार हवा होता. तीन वर्षांचा करार, इथल्याच्या तिप्पट पगार. शेठच्या पत्रात सगळं स्पष्ट होतं : नवरा-बायकोची दोन तिकिटं आणि सहा मण सामान कारखान्याच्या खर्चानं, त्यावरचं माणूस आणि त्यावरचं सामान ज्यानं त्यानं पाहावं.

त्यावरचं माणूस म्हणजे कस्तुरा. चौदाव्या वर्षी तिचं लग्न झालं, सोळाव्या वर्षी नवरा पटकीनं गेला आणि बबनरावानं तिला जाऊन घरी आणलं. त्याला पाच वर्षं झाली होती. बबनरावाला इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं कळे, पण आकडे दिसले की घाम फुटे. कस्तुरा चौथी शिकलेली. तेव्हा काय न्यायचं, काय विकायचं, अकोल्यापर्यंत मोटारीला किती, तिथून मुंबईच्या रेल्वेला किती, बोटीला किती, हे सारं तिनं मांडायचं असं आपसूक ठरलं.

म्हैस, तांब्याचा मोठा हंडा, पलंग आणि न्हाणीतला बंब विकला तर तिसरं तिकीट जेमतेम निघत होतं. आणि तिसरं तिकीट निघणं भाग होतं, कारण सोजरबाई वहिनीला पाचवा महिना लागला होता. याआधीची दोन बाळं जन्मतानाच गेलेली. परक्या मुलखात, जिथं आपली भाषा बोलणारी एक बाई मिळायची नाही, तिथं बाळंतपणाला एकटं पडायचं या विचारानं वहिनीची झोप उडाली होती.

बाजार बंद असलेल्या दिवशी तो तरणा मापारी सायकलवर काटा बांधून आला. अंगणातल्या कडुनिंबाला त्यानं तो टांगला. नाव विचारलं तर म्हणाला, "उकंडा."

कस्तुरा पुन्हा हसली.

"हासा," तो म्हणाला. "माह्या आंधीचे चार गेले. मंग मायनं मले उकंड्यावर लोळवलं, अन् देवाले सांगितलं का हा केरकचरा हाये, हा नोको नेऊ. देवानं आयकलं."

तिचं हसू विरलं. "तुमाले उकंडरावच म्हनीन मी," ती म्हणाली. तो लाजला. एवढ्या आडदांड माणसाला लाजताना पाहून तिला काय वाटलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

पहिल्या दिवशी सामान नऊ मण भरलं. वहिनीनं जातं आणून पारड्यात ठेवलं होतं. माहेरचं जातं, ते नेल्याशिवाय ती पाऊल उचलणार नव्हती. उकंडानं वजनं चढवत नेली, मान हलवली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, की वयनी, आफ्रिकेत दगड नसतात का? सोजरबाई कितीतरी दिवसांनी हसली. जातं राहिलं. पाटा राहिला. दोन गोधड्यांपैकी एक राहिली. तूरडाळ घ्यायची तर पितळी घागर निघायची, घागर घ्यायची तर तिखटाचा डबा.

मग तो दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. सामान आठ मणांवर आलं, साडेसातावर आलं. खरं पाहता एका दिवसाचं काम, पण कस्तुरा दरवेळी एखादी परात आत-बाहेर करी आणि तो दरवेळी सगळं पहिल्यापासून तोलायला तयार असे. बोलायला विषय हवा म्हणून ती त्याला समुद्राच्या गोष्टी सांगे. तिनं कधी समुद्र पाहिलेला नव्हता, शेठच्या मुनीमाकडून ऐकलेलंच ती रंगवून सांगायची… पंधरा दिवस नुसतं पाणी, रात्री बोटीभोवती चमकणारे मासे, आणि जिंजाचं तळं असं की पलीकडचा काठ दिसत नाही.

"तुमाले भेव नाई वाटत?" त्यानं एकदा विचारलं.

"कायचं भेव? जाले भेटते कोनाले?" ती तोऱ्यात म्हणाली.

तिच्या केसात कापसाचा तंतू अडकला होता, त्याच्याच अंगावरून उडून आलेला. त्यानं हात पुढे केला, मध्येच थांबला, आणि बोटानं नुसतं दाखवलं. तिनं मुद्दाम भलतीकडेच चाचपलं. "नाई… तथी नाई… जरा खाली…" शेवटी त्यानंच तो अलगद काढला. दोन बोटांत धरून उभा राहिला, टाकून द्यायचं विसरला. त्या दिवशी पारड्यात काय होतं आणि किती भरलं, दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं.

कस्तुराच्या जिवाची तिथून उलघाल सुरू झाली. त्यांच्यात विधवेचा पाट लागत असे, उकंडा त्यांच्याच जातीचा होता, बबनरावाला तो आवडलाही होता. अडचण लोकांची नव्हती. अडचण एवढीच होती, की त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता आणि बोटीची तारीख ठरली होती. मी राहिले तर तो विचारील, तिला खात्री होती. राहण्यासाठी काहीतरी निमित्त हवं होतं.

तिनं निमित्त केलं. मोंबासाला उतरल्यावर जिंजापर्यंत पुन्हा रेल्वे होती. तिचं भाडं तिनं मांडताना दुप्पट धरलं. बस, एवढंच. भावाला तपासता येणार नव्हतं. पायरीवर बसून तिनं सारी बेरीज मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "चाळीस रुपये कमी पडून राह्यले दादा. माह्यं तिकीट नाई निंगत."

बबनरावानं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, की तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे, कस्तुरानं शेलूबाजारला आत्याकडे राहावं. वहिनी उठून आत गेली. कस्तुराच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलल्याचं होतं ते, सुटल्याचंही होतं. नेमका त्याच वेळी उकंडा काटा न्यायला दारात उभा होता. त्यानं चाळीस रुपये ऐकले आणि तिचे डोळे पाहिले.

तीन दिवस तो फिरकला नाही. चौथ्या दिवशी आला तो पायी. बबनरावाच्या हातात त्यानं चाळीस रुपये ठेवले आणि म्हणाला, की उसने समजा, तिकडून सवडीनं धाडा, घाई नाही. जवळच्या मालेगावच्या एका दुकानदाराला त्यानं सायकल विकली होती. बबनरावानं त्याला मिठीच मारली. सोजरबाई वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली, कस्तुराच्या गळ्यात पडली आणि ओक्साबोक्शी रडली. "मी मरनारच होतो वो बाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आता नाई मरत."

कस्तुरा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. वहिनीच्या खांद्यावरून तिला उकंडा दिसत होता. तो हसत होता. तिला हवं ते मिळवून दिलं या आनंदात भोळ्यासारखा हसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर तिनं त्याला गाठलं. तलावावर धुण्याच्या बायका होत्या, म्हणून दोघं दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून बसले.

"काहून देले पैसे?" तिनं विचारलं.

"तुमाले जाचं होतं म्हून." तो पाण्याकडे पाहत होता. "समुद्राचं बोलतानी तुमचे डोये असे चमकत… तुमी रडल्या तं मले पायवलं नाई."

"मले जाचं नोयतं. रेल्वेचं भाडं मी खोटं मांडलं होतं."

त्यानं वळून पाहिलं. समजायला त्याला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की तिला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

"कोनासाठी?" त्यानं विचारलं. मग स्वतःच मान खाली घातली. "एकडाव तरी विचाराचं होतं मले…"

"तुमी तरी कुठं विचारलं?"

मग मात्र तो भडाभडा बोलला. आजच बबनरावाकडे येतो म्हणाला, पैसे तसेच राहू देत, बोटीत तू बसूच नकोस. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. पहिल्यांदाच तिच्याशी तो असा बोलत होता आणि प्रत्येक शब्द तिला हवाहवासा होता. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली :

"काल रातभर वयनी झोपली. महिन्याभरात पयल्यांदा. सकाळी उठून मले म्हने, कस्तुरा, आता हे पोर जगते. आता मी नाई जात, हे तिले कोन्या तोंडानं सांगू?"

तलावावर धुणं आपटण्याचा आवाज येत होता. शेवटी तो म्हणाला, "तीन वर्सं थांबतो मी."

उकंडाची आई साठीच्या पुढची. डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, चूल पेटवताना दोनदा हात भाजून घेतलेला. हे त्यानंच एकदा तोलता तोलता सांगितलं होतं. कस्तुराला एकदा वाटलं, म्हणावं थांबा. ओठांवर आलेलं होतं.

"नका थांबू," ती म्हणाली. "मायच्या हाताखाली कोनी पायजे. लगन करून घ्या."

"तू सांगून राह्यली हे?"

"मीच सांगून राह्यली."

ती आधी उठली. पायऱ्या चढताना तिनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वर पोचलीच नसती.

निघायच्या दिवशी मोटारीच्या टपावर सहा मणांत बसवलेलं सामान चढवायला उकंडा आला होता. त्यानं दोऱ्या ओढून ओढून बांधल्या, बबनरावाला नमस्कार केला, वहिनीला 'सांभाळून' म्हणाला. कस्तुरा खिडकीशी बसली होती. मोटार सुरू झाली तेव्हा तो खिडकीजवळ आला. काहीतरी म्हणाला, पण इंजिनाच्या घरघरीत ते तिला ऐकू आलं नाही. 'काय?' असं तिनं नुसत्या मानेनं विचारलं. तो हसला आणि 'काही नाही' असा हात हलवला. अकोल्यापर्यंतच्या साऱ्या रस्त्यात ती त्याच्या ओठांची हालचाल आठवून आठवून शब्द जुळवत राहिली. एकही जुळला नाही.

बोटीत तिला मासे चमकताना दिसले नाहीत. सहा दिवस उलट्या करणाऱ्या वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. चैत्रात जिंजाला मुलगी झाली. आडवी आली होती. दीड दिवस वहिनी झुंजली आणि त्या दीड दिवसात कस्तुरानं तिचा हात एकदाही सोडला नाही. दोघी जगल्या. चाळीस रुपये बबनरावानं पहिल्या दोन पगारांतूनच वाशीमला धाडले. पोच आली, तीवर फक्त सही होती.

तिसऱ्या वर्षी बबनरावाचा करार वाढला. त्याच सुमारास कारखान्यात नवा माणूस आला, मालेगावचा नानाजी. गावाकडचं कोणी आलं म्हणून वहिनीनं त्याला जेवायला बोलावलं. भाकरी मोडता मोडता तो गावाकडच्या गोष्टी सांगत होता : कोणाचं काय झालं, कापूस कसा पिकला. बोलता बोलता सहज म्हणाला, की बाजारातला तो उकंडराव मापारी, अडीच वर्षं आईनं किती गळ घातली तरी ऐकत नव्हता. शेवटी म्हातारी अन्न सोडून बसली, तेव्हा कुठं या वैशाखात त्यानं लग्न केलं. पोरगी शेलूबाजारकडची, चांगली आहे.

कस्तुरानं नानाजीच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तवा उतरवला. मग मुलीला कडेवर घेऊन मागच्या पडवीत गेली.

जेवणं उरकल्यावर सोजरबाई तिच्यामागं पडवीत आली. कस्तुरा भिंतीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर झोपली होती. वहिनी जवळ बसली. कस्तुराच्या तोंडाकडे तिनं नीट पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तोलण्याचे ते तीन-तीन दिवस, सायकल, चाळीस रुपये, सगळं.

"मले काहून नाई सांगितलं बाई तवा?" वहिनीचा आवाज फाटला होता. "मी काई दगडाची होतो का? तुले ठेवून आली असतो मी."

"म्हूनच नाई सांगितलं," कस्तुरा म्हणाली.

आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मुलगी जागी होऊ नये म्हणून तोंडावर पदर दाबून ती रडली.