धाकटीची अकरा वाक्यं

कादंबरी पडद्यावर आणणं म्हणजे घर हलवणं. सामान ढीगभर आणि टेम्पो लहान. बावीस वर्षं मी हेच करतोय. दुसऱ्याच्या चारशे पानांतून माझी एकशेदहा काढतो. मूळ लेखक हळहळतात, मी पुढच्या कामाला लागतो.

या वेळची कादंबरी किशोरवयीन मुलांसाठी होती. तटबंदीचं एक शहर. रोज सकाळी भोंगा वाजला की प्रत्येक घरातल्या मुलांनी दारात उभं राहायचं आणि पहारेकऱ्याने त्यांना मोजायचं. त्यात दोन बहिणी. मोठी धीट, भिंती चढणारी. लहान भित्री, पण सगळं लक्षात ठेवणारी. वडील पहिल्याच पानावर गेलेले.

मलाही दोन मुली. थोरली चौदाची, धाकटी अकराची. त्यामुळे संवादांसाठी मला लांब जावं लागलं नाही. जेवताना कान उघडे ठेवायचे आणि सकाळी कागदावर उतरवायचं. चोरीच म्हणा, पण घरातल्या घरात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दोघींची उंची स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवतो. डावीकडे थोरलीच्या रेघा, उजवीकडे धाकटीच्या. त्या रविवारी धाकटी टाचा चौकटीला चिकटवून म्हणाली, "बाबा, नीट मोज. पेन्सिल तिरकी धरतोस तू!"

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य लहान बहिणीला दिलं. पहारेकऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ती म्हणते, "नीट मोज." पुढचं पेन्सिलीचं काढून टाकलं. संवाद उगाच लांबत होता.

पहिला खर्डा वाचून दिग्दर्शिकाबाईंनी फळ्यावर टाचलेली दोघी बहिणींची कार्डं काढली आणि एकावर एक ठेवली.

"दोघी कशाला, लेखकमहाशय? धीट तीच आणि लक्षात ठेवणारीही तीच. बघणाऱ्याला जीव लावायला एकच मुलगी द्या."

मला पटलं. खरं सांगतो, कागदावर ते फार छान दिसत होतं. एका दुपारी काम उरकलं. लहानीच्या संवादांवरचं नाव पुसायचं आणि मोठीचं घालायचं, एवढंच तर होतं.

त्या संध्याकाळी जेवताना थोरली म्हणाली, "समोरच्या निळ्या गाडीची मागची पाटी बदललीये. आधी शेवटी सात होता."

गाड्यांचे नंबर पाठ करण्याचं वेड धाकटीचं. थोरलीला स्वतःची सायकल गर्दीत सापडत नाही. मी धाकटीकडे पाहिलं. ती ताटात बोट फिरवत बसली होती.

"तू का गप्प गं?"

"काही सुचतच नाहीये, बाबा," ती म्हणाली आणि ओशाळल्यासारखी हसली.

मी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. परीक्षा जवळ आली असेल, असं मनाशी म्हटलं आणि खोलीत जाऊन मोठीचा भिंतीवरचा सीन पुन्हा घासूनपुसून घेतला.

पुढच्या आठवड्यात थोरली डाव्या हाताने लिहायला लागली. धाकटी डावखुरी आहे. होती. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, ती पहिल्यापासून डावखुरीच आहे. तुझं घरात लक्ष असतं का कधी?" धाकटी तेव्हा खिडकीपाशी उभी होती. आमच्याकडे बघत होती, पण दिवसभरात ती एक अक्षर बोलली नव्हती.

शुक्रवारी मी तिसरा खर्डा पाठवला. लहान बहीण आता त्यात नावालाही नव्हती.

शनिवारी सकाळी टेबलावर तीन ताटं होती.

"चौथं?" मी विचारलं.

"कुणी येणारेय का?" बायको म्हणाली.

मी मुलींच्या खोलीत गेलो. दोन पलंग दोन भिंतींना असायचे. आता खोलीच्या मधोमध एकच होता आणि त्याच्या पायांखाली फरशीवर कित्येक वर्षांचे डाग होते. स्वयंपाकघराच्या चौकटीवर फक्त डावीकडे रेघा होत्या. उजव्या बाजूला मी बोट फिरवलं. रंग गुळगुळीत लागला.

"थोरले, धाकटी कुठेय?"

तिने डाव्या हातातलं पेन खाली ठेवलं. "थोरली काय, बाबा? कुणापेक्षा थोरली?"

तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती. मी चप्पल न घालता बाहेर पडलो.

बाई ऑफिसात शेवटची पानं छपाईला लावत होत्या.

"लहान बहीण परत घ्या," मी म्हणालो.

"आता? सोमवारपासून शूटिंग आहे."

"पाया पडतो तुमच्या. मला मुलगी परत हवीये."

बावीस वर्षांत मी कुणापुढे हात जोडले नव्हते. बाईंनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"तीन सीन देते. त्यापुढे एक ओळ नाही. पाच वाजता पटकथा लॉक होईल, मग कानामात्राही बदलायचा नाही."

मी पहिला खर्डा उघडला. नवीन काही सुचेना. होते तेच संवाद उचलले. तीन सीन, अकरा वाक्यं. पाचला दोन मिनिटं कमी असताना मी मान वर केली.

घरी टेबलावर चार ताटं होती.

धाकटी तिच्या जागेवर बसली होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की बायको ओरडली. तिच्या केसांना नेहमीच्या साबणाचा वास येत होता. मी रडलो, त्याची लाज वाटली नाही.

"घाबरलीस का गं?"

"मला सगळं आठवतं," ती म्हणाली.

सीन बारा. पहिलं वाक्य.

त्याला आता वर्ष झालं. चित्रपट येऊन गेला, लहान बहिणीचं सगळ्यांनी कौतुक केलं. बायको म्हणते, धाकटी किती शहाणी झालीये, उलटून बोलत नाही. शाळेतही तक्रार नाही. मी रोज सकाळी तिच्यासाठी नवी वाक्यं लिहितो, कागद तिच्या दप्तरात ठेवतो. संध्याकाळी तो तसाच घडी घातलेला परत येतो. त्या अकरा वाक्यांत "बाबा" हा शब्द नाही.

काल महिन्याचा पहिला रविवार होता. थोरलीची रेघ गेल्या वर्षीपेक्षा चार बोटं वर गेली. मग धाकटी टाचा चौकटीला चिकटवून उभी राहिली. मी तिच्या डोक्यावर पेन्सिल टेकवली. टोक याही वेळी गेल्या वर्षीच्या रेघेवर आलं. अगदी त्याच रेघेवर.

"नीट मोज," ती म्हणाली.

मी पेन्सिल मुद्दाम तिरकी धरली आणि तिच्या पुढच्या वाक्यासाठी थांबलो. चांगली तिरकी, कुणालाही दिसेल अशी.

ती समोर बघत, हलायचं नाही म्हणून श्वास रोखून, तशीच उभी राहिली.