भिंतीला समांतर

कलादालनात चित्रकार मरून पडला होता. तीन प्रेक्षक त्याला बघून पुढे गेले. एक तर म्हणाला, "जरा जास्तच होतंय." चौथ्याने पोलिसांना फोन केला. त्याला कलेतलं काही कळत नव्हतं.

फौजदार आला. पांढऱ्या भिंती. जमिनीवर सारख्या अंतराने मांडलेले पाच पोलादी ठोकळे, एकेक हातात मावेल एवढा. त्यांच्यापलीकडे प्रेत. डोक्यात टोकदार कोपऱ्याची खोक, हात अंगालगत, पाय जुळवलेले.

"बायकोनेच मारलंय, साहेब," बेड्या काढून तयार असलेला हवालदार म्हणाला. तो भिंतीला टेकला होता. त्याची बाही पांढरी झाली होती. "काल संध्याकाळी इथेच कडाक्याचं भांडण झालं."

"कशावरून?"

"आयुष्यभर ह्यांनी रेघा मारल्या," बायको म्हणाली. "काल म्हणे, कंटाळा आला, आता मांजर काढणार. मी म्हटलं, मग इतकी वर्षं मी काय झक मारली? आणि घरी गेले. हे ह्या डब्यांपाशीच बसले होते."

"ठोकळे," दालनाचा मालक म्हणाला. "डबे नव्हेत."

"तुम्ही कुठे होतात?"

"काल बाईंच्या आधीच घरी गेलो. सकाळी दार उघडून बाहेर टेबलाशी बसलो."

"मांजराचं माहीत होतं?"

"कसलं मांजर?"

फौजदाराने येरझारा घालता घालता बुटाने एक ठोकळा सरकवला. बायकोचं लक्षही गेलं नाही. मालक वाकला, ठोकळा जागेवर बसवला, एक डोळा मिटून रांग तपासली.

"बेड्या ह्यांना घाल," फौजदार म्हणाला.

"साहेब?"

"डोकं फुटलेला माणूस वेडावाकडा पडतो. हा भिंतीला समांतर आहे. हत्यार पुसून रांगेत परत ठेवलंय. बाईंनी मारलं असतं तर डबा भिरकावून पळाल्या असत्या. खून करून वर मांडणी नीट करणारा इथे एकच आहे. आणि तुझी बाही बघ. भिंत ओली आहे. रंग खरवड, खाली मांजर सापडेल."

हवालदाराने नखाने खरवडलं. आधी कान निघाला.

"मिशा होत्या त्याला," मालक थंडपणे म्हणाला. "वाकड्या. माझ्या भिंतीवर."

बायको नवऱ्याशेजारी खाली बसली. मग तिने मालकाला विचारलं, "शेवटी काही म्हणाले का हे?"

"म्हणाले," मालक म्हणाला. "गरजेपेक्षा जास्त."