बंद मोटारीतला वारा

ही घटना खरी आहे. शपथ घ्यायला सांगू नका, मी ड्रायव्हर आहे.

साल १९५७, चैत्र, वेल्ह्याकडचा रस्ता. रात्र नव्हती, टळटळीत दुपार होती. त्याबद्दल माफी असावी.

त्या दुपारी धनगरवाड्यावरच्या ठकुबाई माझ्या मोटारीत गेल्या.

छे. असं काही झालंच नाही. पुढे ऐका.

साहेब मोजणीला डोंगर चढून गेले. जाताना बजावलं, "इंजिन बंद असताना पंखा लावायचा नाही. बॅटरी उतरते." आमची मोटार डिझेलची. सुरू व्हायला तिला बॅटरीत रेड्याचा जोर लागतो.

मी "होय साहेब" म्हणालो. आंब्याखालच्या खोलगट सावलीत मोटार लावली. साहेब वळणाआड गेले आणि मी काचेपाशी बसवलेला छोटा पंखा लावला.

तीन तास झोपलो. स्वप्नात मला बढती मिळाली.

मग हाका...

हैबती आणि नाथा, दोघं भाऊ, आईला घोंगडीच्या झोळीत घालून धावत उतरले होते.

"डायवरसायेब, आईला साप चावलाय! भोरच्या दवाखान्यात न्या!"

ठकुबाईंना मागच्या सीटवर निजवलं. चावी फिरवली.

कट्...

पुन्हा फिरवली.

कट्...

मग तेवढंही नाही.

तिघांनी ढकलली. खोलगटातून चाक वर येईना.

"काय झालं वो?" हैबतीनं विचारलं.

"डिझेलमध्ये हवा शिरलीय," मी म्हणालो.

पंखा मात्र अजून रेंगाळत फिरत होता. तेवढ्यापुरती बॅटरी उरली होती.

ठकुबाईंनी डोळे उघडले. "लेकरा, ग्वाड वारा हाय तुजा. बंद नगं करूस."

नाथा बैलगाडी आणायला धावला. तो ती घेऊन आला, तेव्हा चार वाजून गेले होते. गाडीची घाई उरली नव्हती.

हैबतीनं मला हात जोडले. "आमालाच उशीर झाला, सायेब. तुमी लई खटपट केली."

इथं मी एक विनोद सांगणार होतो. राहू द्या.

बॅटरी काढून भोरला चार्जिंगला पाठवली. मोटार तिथंच, राखणीला मी.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला...

घर्र्...

बॅटरीची जागा रिकामी. पंखा फिरतोय. आणि त्याचं तोंड मागच्या सीटकडे.

बटण दाबलं. थांबेना. तारा उपटल्या. थांबेना.

मागच्या सीटवर माझं उपरणं पसरून पाहिलं. वारा थेट तिकडेच... पण उपरण्याचं टोकसुद्धा हललं नाही.

मधे कुणीतरी तो वारा घेत होतं.

आता रोज दुपारी असंच. साहेब म्हणतात, पंखा बिघडलाय. मी "होय साहेब" म्हणतो. हैबती वाटेत भेटला की अजून हात जोडतो. खरं दोघांनाही सांगितलेलं नाही. अर्ज मात्र लिहिलाय. वर्षभर खिशात आहे.

"सबब, अर्जदाराची नम्र विनंती की, त्या दुपारचे तीन तास अर्जदाराच्या हक्काच्या रजेतून कापून कै. ठकुबाई यांना तातडीने देण्यात यावेत."