उघड्या रॅकवरचं पुडकं

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला दारातच अडवलं.

"बाहेरचे बूट बाहेर!"

हातातला खोका छातीशी धरून, एका पायावर तोल सावरत तो बूट काढू लागला... आणि मोज्याच्या भोकातून अंगठा डोकावला. मी हसले. तोही हसला. बस्स, तिथेच माझं बिघडलं.

आमच्या खोलीत ऑपरेशनची हत्यारं धुऊन, पुडक्यांत बांधून, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करतात. तो हॉस्पिटलच्याच लॅबमधला. नुसती ठेवलेली पुडकी किती दिवस निर्जंतुक राहतात, हे त्याला तपासायचं होतं. एकाच दिवशी बांधलेली निम्मी पुडकी माझ्या बंद कपाटात, निम्मी वरच्या वॉर्डातल्या उघड्या रॅकवर. दर सोमवारी दोन्हीकडची दोन-दोन न्यायची, लॅबमध्ये उघडायची, जंतू वाढतात का बघायचं. असं सहा महिने.

म्हणजे सहा महिन्यांचे सोमवार माझे... असं मला वाटलं!

पण माझ्याकडे तो जेमतेम चार मिनिटं थांबायचा. "दोन द्या. इथे सही. येतो." आणि वर? वीस मिनिटं! वर खळीवाली सिस्टर होती. तिचं हसणं जिन्यातून खाली ऐकू यायचं.

"वर काय खजिना सापडलाय का?" एकदा मी विचारलंच.

"तिथे पुडक्यांना किती हात लागले ते विचारून लिहावं लागतं," तो म्हणाला. "तुमच्या बंद कपाटाला काय विचारणार?"

"कपाटाला नका विचारू. इथे माणसंही असतात."

त्याचे कान लालबुंद झाले. सही न घेताच पळाला. मी म्हटलं, पकडली चोरी!

दुपारी काहीतरी निमित्त काढून मी वर गेले. सिस्टर जागेवर नव्हती, पण तिच्या टेबलावर त्याचं पेन होतं... निळं, टोपण चावलेलं. माझं डोकंच फिरलं. तिने ओळीत लावलेली तपासणीची पुडकी विस्कटायची, एवढंच मनात होतं. पण एक हातातून निसटलं आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर पडलं. मी ते रुमालाने टिपलं, जागेवर ठेवलं आणि जिना गाठला.

आठवडाभर घास गोड लागला नाही. त्या पुडक्यात जंतू निघाले तर खापर सिस्टरच्या डोक्यावर फुटणार. आणि खोट्या निकालावर पुढे सगळं हॉस्पिटल चालणार!

सोमवारी तो दारात येताच मी सांगून टाकलं. "वरचं सतरा नंबरचं पुडकं घेऊ नका. ते ओल्या फरशीवर पडलं. माझ्या हातून."

"तुम्ही वर कशाला गेला होतात?"

"वीस मिनिटं कशात जातात... ते बघायला."

त्याने हातातला खोका खाली ठेवला. मग म्हणाला, "सिस्टरना सांगितलंत?"

"नाही."

"चला, सांगू."

सिस्टरने हाताची घडी घालून सगळं ऐकून घेतलं.

"ते मी त्याच दिवशी बाजूला काढलं," ती म्हणाली. "कागदावर ओला डाग होता, आणि तुला जिन्यात पळताना बघितलं होतं. जळायचं असेल तर जिन्यात जळ गं, निर्जंतुक रॅकपाशी नको!"

मी मान खाली घातली. "चुकलं, सिस्टर."

"आणि तुम्ही हो!" ती त्याच्याकडे वळली. "दर सोमवारी हिच्याबद्दल बोलून माझं डोकं खाता. त्यातली दोन वाक्यं हिच्यासमोर बोलला असतात, तर माझं पुडकं वाचलं असतं."

त्याने वहीत 'सतरा – बाद' असं लिहिलं. अक्षर पार वाकडं आलं.

जिना उतरताना तो माझ्या तीन पायऱ्या पुढे होता. मध्येच थांबला. पाठमोराच म्हणाला, "मला नीट बोलता येत नाही. तुमच्यासमोर तर अजिबातच नाही. पण मला तुम्ही..."

"मी काय?"

"तू," तो म्हणाला. "मला तू आवडतेस."

"मग मागे वळून सांग की."

तो वळला... आणि सांगितलं.