दुसरी सही

त्वचा बँकेतून मृत दात्याच्या त्वचेचं पाकीट बाहेर पाठवण्याआधी एकाने नंबर वाचायचा, दुसऱ्याने तो दात्याच्या रक्ताच्या अहवालाशी पडताळून ‘बरोबर’ म्हणायचं आणि दोघांनीही वहीत सही करायची. इथल्या जुन्या काकांनी तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून हा नियम पाळला. “मेल्यावर इथेच येणार आहे, तेव्हा नीट वागा,” असं निवृत्त होताना त्यांनी हसत बजावलं होतं. गेल्या महिन्यात ते वारले आणि बोलल्याप्रमाणे त्यांची त्वचा इथे आलीही. शीतपेटीतलं कोणतं पाकीट त्यांचं, हे गुप्ततेच्या नियमामुळे त्यांच्या जागी आलेल्या ताईंनाही ठाऊक नव्हतं.

दुसरी सही करणारी ताईंची सहकारी तीन आठवडे रजेवर होती. ताई एकट्याच काम उरकायच्या आणि दुसऱ्या सहीची जागा कोरी ठेवायच्या. ती आली की करेल सही, त्यात काय मोठं.

त्या दुपारी वॉर्डातून निरोप आला. सहा वर्षांच्या मुलीची पाठ भाजली होती, तीनला शस्त्रक्रिया, चार पाकिटं हवीत. ताईंचा जीव कळवळला. शीतपेटी उघडून त्यांनी पहिला नंबर वाचला.

“बरोबर,” मागून कुणीतरी म्हणालं.

सवयीने त्यांनी दुसरा वाचला, मग तिसरा. तेव्हा कुठे लक्षात आलं, की खोलीत आपल्याशिवाय कुणीच नाही. पण पोर टेबलावर जायची वेळ झाली होती. त्यांनी चौथा वाचला.

या वेळी आवाज अगदी हळू आला...

“नाही... पुन्हा बघ.”

अहवालावरच्या नंबराचा शेवटचा आकडा वेगळा होता. तो दुसऱ्याच दात्याचा अहवाल होता. खरा शोधून काढला, तर त्यात काविळीचा विषाणू. ताईंनी ते पाकीट बाजूला काढलं.

त्याच्या बदली वेगळं पाकीट वेळेत गेलं. संध्याकाळी सहीसाठी वही उघडली, तर दुसऱ्या रकान्यात काकांची बारीक, तिरकी सही होती. मागची पानं उलटली. तिन्ही आठवड्यांचे कोरे रकाने भरलेले होते. फक्त गेल्या गुरुवारच्या एका ओळीपुढे सहीऐवजी ‘नाही’ लिहिलं होतं.

ते पाकीट चार दिवसांपूर्वीच एका बाईच्या हातावर लावलं गेलं होतं.

नोकरी जाणार, हे कळत असूनही ताईंनी वॉर्डाला फोन लावला. घंटा वाजत होती. मागे, बंद शीतपेटीच्या आत, कुणीतरी एकेक नंबर वाचत होतं आणि प्रत्येक नंबरानंतर त्यांच्या ‘बरोबर’साठी थांबत होतं.