शनिवारचा गोठा

"जरा हे मांडीवर धरता का?"

त्याला उद्देशून बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. भोरहून हिर्डोशीला जाणारी वडाप जीप, आत कोंबलेली माणसं, बाहेर सकाळपासून लागून राहिलेला पाऊस आणि माझ्या हातात ही जडशीळ टाकी. शेजारच्या चष्मेवाल्याने ती निमूट मांडीवर घेतली.

"दूध आहे का?"

"नाही. वळू आहेत."

"काय?"

"म्हणजे त्यांचं बीज. गोठवलेलं. गुरांची डॉक्टर आहे मी, गाई भरवायला नेतेय."

तो कानापर्यंत लाल झाला. पण टाकी काही खाली ठेवली नाही. तिथंच तो मला आवडला, उगाच आढेवेढे कशाला घेऊ!

त्याचं नाव इंद्रजित. सारोळ्याचा. हिर्डोशीकडच्या हायस्कुलात शिकवतो. दर शनिवारी नववीच्या मुलांना घेऊन फिरतो — आज कापूरहोळचं गॅरेज, पुढच्या वेळी रोपवाटिका. आपल्याच भागात कायकाय कामं आहेत ते मुलांनी बघावं म्हणून. मुलं सगळ्यांना तेच विचारतात: हे कुठं शिकलात, इथंच का राहिलात, आणि यात पुढं संधी आहे का?

"तुमच्याकडे आणू त्यांना?"

"आणा की. पण सर, तुम्हालाही गोठ्यात यावं लागेल. दारात उभं राहून चालायचं नाही."

"म्हणजे बोलावणं मुलांना आहे... की मला?"

"टाकी मुलांनी धरलीय का?"

तो हसला. मग मीही.

त्यानंतर तो बरोबर माझ्याच जीपमध्ये भेटायला लागला. टाकी न सांगता मांडीवर घ्यायचा. आणि मग एक दिवस स्टँडवर चहा विकणाऱ्या बनाबाईंनी कप पुढे करता करता सांगितलं, "तुजं सर चाललं की गं पुण्याला! मोठ्या शाळंत नोकरी लागली म्हनं."

"माझे कशाला असतील?" मी म्हटलं खरं, पण कप तसाच ठेवून जीपकडे निघाले. एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही. पण हे त्याला विचारायचं धाडस होईना. आणि तोही काही बोलेना...

ठरलेल्या शनिवारी तो मुलांना घेऊन कोंडिबामामांच्या गोठ्यावर आला. मी नुसतं लसीकरण दाखवणार होते. पण मामा दारातच हवालदिल उभे.

"वनिता, बरं झालं आलीस बाय! गाय अडलीया. कळा देती, पन वासरू काय येत न्हाई."

मी हात घालून पाहिलं. वासराचा एक पाय मागे दुमडला होता. गाय हंबरत होती, मुलं एकमेकांना धरून बघत होती. कितीतरी वेळाने तो पाय सरळ झाला. मी पायांना दोरी बांधली.

"ओढायला कोण येतंय?"

सुलक्षणा नावाची किडमिडीत मुलगी पुढे आली. आणि तिच्यामागे सर — चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"सर, बाहेर थांबा हवं तर."

"दारात उभं राहून चालत नाही ना?" तो कसाबसा म्हणाला आणि त्याने दोरी धरली.

कळ आली की ओढायचं, थांबली की थांबायचं. शेवटी वासरू बाहेर आलं... पण हलेना. मी नाकातोंडातला चिकटा काढला, खसाखसा अंग चोळलं, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. आणि ते शिंकलं!

मामांनी डोक्यावरची टोपी काढून डोळे पुसले. मुलांनी एकच गलका केला. सर मात्र गव्हाणीला टेकून खाली बसले होते, डोळे मिटून.

मी बादलीत हात धूत होते, तर सुलक्षणाने विचारलंच, "म्याडम, तुमी हितंच का राह्यलात?"

"कारण माझे पेशंट पुण्याला येत नाहीत."

सगळी हसली. ती पोरगी मग वळली. "आन् सर, तुमी? तुमी तर चाललाय म्हनं."

माझे हात पाण्यातच थांबले.

"नाही," तो म्हणाला. "कालच कळवलं त्यांना, येत नाही म्हणून. दर शनिवारी तुम्हाला सांगायचं की आधी इथलं बघा, आणि मी आपला..." तो मुलांशी बोलत होता, पण बघत होता माझ्याकडे.

हुश्श! वासरू शिंकलं तेव्हाही इतकं हलकं वाटलं नव्हतं. मला हसू आवरेना, डोळेही आवरेनात. मी तोंडावर पाणी मारून घेतलं.

मुलं वासराभोवती जमली तसा तो माझ्याजवळ आला. पाऊस ओसरला होता. पागोळ्या तेवढ्या गळत होत्या.

"डॉक्टरीणबाई... एक प्रश्न राहिला."

"कुठला?"

"यात पुढं... मला काही संधी आहे का?"

"रक्त बघून डोळे फिरतात तुमचे!"

"शिकेन मी."

"मला तुम्ही आवडता," मी सरळ सांगून टाकलं. फार दिवस अडलं होतं ते. "तेव्हा पुढच्या शनिवारी संध्याकाळी या. मुलांना घरी सोडून."

"आणि टाकी?"

"ती मी घरी ठेवते," मी म्हटलं. "हात मोकळे असू द्या तुमचे."

तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला.