चौकटीबाहेर गेलेली ओळ

दात काढायचे असतील तर आत्ताच काढून घ्या. हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत खरंच घडलंय. तेही भर दुपारी, त्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर.

हा दादा वेबसाइट बनवतो. त्याचा मेहुणा लाकूड कापायच्या कारखान्यात करवत चालवायचा. मेहुण्याची बायको, म्हणजे दादाची बहीण, तिथेच ऑफिसात. त्यांच्या ओळखीनं कारखान्याच्या वेबसाइटचं काम दादाकडे आलं.

त्याच्या महिनाभर आधी तिथे एक कामगार करवतीत ओढला जाऊन मेला होता. मालकानं रक्त धुऊन घेतलं आणि तासाभरात मशीन चालू केलं. असला नग!

त्या दुपारी वेबसाइटवरच्या प्रतिक्रियांच्या चौकटीत एक ओळ उमटली...

मलासोडामलासोडामलासोडामलासोडा...

मध्ये कुठेच मोकळी जागा नाही. त्यामुळे ओळ तुटेना. चौकट ओलांडून ती पानाच्या उजवीकडे धावत सुटली.

दादानं पुसली.

परत आली...

मालक फोनवर खेकसला, काहीही कर, पण ते लफडं चौकटीत बसव.

कड आली की मजकूर मधूनच तोडून खाली न्यायचा, असा नियम लिहिता येतो. तो त्या चौकटीपुरताच लिहायचा. पण दादा पडला आळशी. त्यानं तो अख्ख्या पानाला लावून टाकला.

ओळ तुटली.

खट्...

स्पीकर तर बंद होता.

खट्... खट्...

ओळी शहाण्यासारख्या एकाखाली एक बसल्या. दादा खूश झाला. मग त्याची नजर त्याच पानावरच्या कामगारांच्या फोटोंवर गेली.

फोटोखाली मेहुण्याचं लांबलचक नाव मधोमध तुटलं होतं.

तेवढ्यात बहिणीचा फोन.

"दादा, ह्यांचा हात गेला रे... कोपरापासून. करवत थांबतच नाहीये. अजून ओढतेय त्यांना!"

दादानं कीबोर्ड ओढला. कसाबसा त्यानं नियम खोडला. ओळ सुसाट बाहेर पळाली...

फोनमधली करवत थांबली. मग नुसतं मेहुण्याचं किंचाळणं.

मेहुणा वाचला. मालकानं त्याला गेटवर बसवलं. ती ओळ तशीच राहू द्या, असं दादानं मालकाला हात जोडून सांगितलं. मालक हसला. दादा निदान पानावरून मेहुण्याचं नाव काढायला गेला, तर पासवर्ड बदललेला. काम दुसऱ्याला दिलं होतं.

आज सकाळी दादानं माझ्यासमोर ते पान उघडलं.

नवीन माणसानं काम चोख केलंय. ओळ चौकटीत बसलीय.

मेहुण्याचं नाव आता तीन ठिकाणी तुटलंय.

दादानं बहिणीला फोन लावलाय. रिंग जातेय...

अजून कुणी उचललेला नाही.